ॲनालॉग चित्रफितींचे डिजिटल रूपांतर : संकेताची शुद्धता आणि फिल्टरचे कार्य

सोनी कंपनीने १९८२ साली बेटाकॅम आणि १९८६ साली बेटाकॅम एसपी ही चित्रफीत-प्रणाली आणली. दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात ती दीर्घकाळ वापरात होती. या प्रणालीत चित्राचा संकेत तीन घटकांत विभागलेला असतो : एक प्रकाशाचा व दोन रंगभेदांचे. यालाच कंपोनंट व्हिडिओ म्हणतात. प्रकाश व रंग एकाच तारेत मिसळलेले नसल्याने चित्र अधिक स्वच्छ मिळते.

अशा फिती वाजविणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग दुर्मीळ होत चालल्याचा इशारा युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने २०१९ साली दिला. जुनी फीत पुन्हा वाजविण्याची संधी मिळेलच असे नाही. म्हणून रूपांतर पहिल्याच वेळी नीट होणे अगत्याचे आहे.

रूपांतराचा आंतरराष्ट्रीय दंडक 'बीटी.६०१' या नावाने ओळखला जातो. त्यानुसार प्रकाशघटकाचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख, तर प्रत्येक रंगघटकाचे त्याच्या निम्मे नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वारंवारता त्यात शिरली, तर ती खोटे रूप घेऊन चित्रात उतरते. उदाहरणार्थ, ८ मेगाहर्ट्झचा गोंगाट ५.५ मेगाहर्ट्झचा होऊन खऱ्या तपशिलात मिसळतो. मग तो वेगळा काढता येत नाही. जात्यात धान्य टाकण्यापूर्वीच खडे निवडावे लागतात. पीठ झाल्यावर इलाज नाही. म्हणून नमुने घेण्यापूर्वी फिल्टर अनिवार्य ठरतो. दंडकानुसार तो प्रकाशघटक ५.७५ आणि रंगघटक २.७५ मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ जसाच्या तसा जाऊ देतो व त्यापुढील भाग झपाट्याने दाबतो.

मात्र ॲनालॉग फिल्टर फार तीव्र केला, तर वस्तूंच्या कडांलगत लहरी उमटू शकतात. यावर चांगला उपाय म्हणजे आधी दुप्पट वेगाने, २७ मेगाहर्ट्झने, नमुने घेणे. तेव्हा सौम्य ॲनालॉग फिल्टर पुरतो. उरलेली गाळणी अचूक डिजिटल फिल्टर करतो व नंतर नमुने निम्मे केले जातात. रंगघटकांचा फिल्टर अरुंद असल्याने तेथे संकेताला अधिक विलंब होतो. तितकाच विलंब प्रकाशघटकालाही दिला नाही, तर रंग वस्तूच्या कडेबाहेर सरकलेले दिसतात.

संकेताची पातळीही तपासावी. केबलच्या टोकाला ७५ ओहमचा रोध हवा. तो नसेल तर संकेत सुमारे दुप्पट होतो आणि उजळ भाग छाटला जातो. आठ बिटांच्या मापनात काळ्यासाठी १६ व पांढऱ्यासाठी २३५ ही मूल्ये ठरलेली आहेत. छाटला गेलेला तपशील परत मिळत नाही. फितीच्या वेगातील सूक्ष्म चढउतार टाइमबेस करेक्टरने सुधारून घ्यावेत.

चित्रातील दाणेदारपणा घालविणारा फिल्टर ही याहून वेगळी बाब आहे. तो नंतर केव्हाही लावता येतो. परंतु गोंगाटाबरोबर तो चेहऱ्यांवरील बारकावेही पुसू शकतो. तेव्हा मूळ डिजिटल प्रत, शक्यतो दहा बिटांची, अस्पर्श जतन करावी आणि सुधारणा तिच्या नकलेवरच कराव्यात.