आड आलेलं हाडच कामी आलं

सुई न टोचता ध्वनिलहरींनी जुनी पाठदुखी कमी करू पाहणाऱ्या उपचाराचं मूळ फ्रान्समधल्या तुलाँ या नौदलाच्या बंदरात सापडतं. पहिल्या महायुद्धात भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ तिथे पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पाण्यात अल्ट्रासाऊंड सोडत होते. लहरींच्या वाटेत आलेले मासे मेले, पाण्यात घातलेला हात ठणकला. हे ठाऊक असलेल्या रॉबर्ट वुड यांनी अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस यांच्यासोबत सजीवांवर प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध केले.

१९४२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या जॉन लिन आणि सहकाऱ्यांनी अंतर्वक्र स्फटिक वापरला. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावं, तसा ध्वनी शरीराच्या आत एका जागी एकवटला. पुढे इलिनॉयचे विल्यम आणि फ्रान्सिस फ्राय हे बंधू मेंदूकडे वळले, तेव्हा हाड आडवं आलं. हाड या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतं, म्हणून आधी कवटीचा तुकडा काढावा लागे. चीर न देता करायच्या उपचारालाच चीर द्यावी लागली.

एकवटलेल्या ध्वनीने तापणाऱ्या आतल्या जागेचं तापमान बाहेरून कळण्याची सोय १९९० च्या दशकात झाली. बॉस्टनमध्ये फेरेंक योलेझ आणि कुलेर्वो ह्युनिनेन यांनी अल्ट्रासाऊंडला एमआरआयची जोड दिली. मग हाडाच्या त्याच गुणाचा उपयोग झाला. हाडाचा पृष्ठभाग लवकर तापतो आणि त्यावरचे वेदनावाहक तंतू निकामी होतात. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनेसाठी अमेरिकेत २०१२ मध्ये या पद्धतीला मान्यता मिळाली.

पाठदुखीवरचा उपचार याच वाटेने आला. मणक्यांच्या मागच्या बाजूला डावे-उजवे छोटे सांधे असतात. त्यांची वेदना नेणारे बारीक मज्जातंतू हाडाला लगटून जातात. १९७० च्या दशकापासून तिथे सुई घालून रेडिओलहरींनी ते तापवले जातात; इथे उष्णता ध्वनी पोचवतो.

मात्र सांध्यांतून उठणाऱ्या दुखण्यापुरताच हा उपयोग आहे. सरकलेली गादी त्याने जागेवर येत नाही, तंतू पुन्हा वाढले तर दुखणं परतू शकतं, आणि आजवरचे अभ्यास लहान आहेत. म्हणून यंत्राची चौकशी करण्याआधी रुग्णाने डॉक्टरांना विचारावं : माझं दुखणं याच सांध्यातलं आहे, हे कशावरून? तिथे भुलीचं इंजेक्शन देऊन वेदना थांबते का, हे तपासता येतं. उत्तर ‘नाही’ आलं, तर कितीही नेमका ध्वनी चुकीच्या जागीच पडेल.