एका टेबलावरचा चहा

पगार झाला की ऑफिसातले आम्ही चार-पाच जण वाशिमच्या हॉटेलात आलूबोंडा-चहाला बसतो. जात कोणी विचारत नाही. पण मित्रांनो, हे आपोआप झालेलं नाही.

१८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला, म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवरही ग्रामण्य आलं, गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. पुढे कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल टाकलं. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? राजर्षी शाहू महाराज तिथे गाडी थांबवून स्वतः चहा प्यायचे, सोबतच्यांनाही पाजायचे.

तो एका राजाचा मोठेपणा होता. हक्क मिळाला १९५० च्या राज्यघटनेने. कलम १५(२) मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्य म्हणून कोणाला हॉटेलात येऊ न देणं गुन्हा ठरलं.

१९९८ मध्ये वाशिम जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, बाहेरगावचे सहकारी आले. हॉटेलात आपण सगळे एका टेबलावर बसतो, बिलही वाटून घेतो. पण यातल्या किती जणांना आपण कधी घरी जेवायला बोलावलं? जरा मोजून पाहा. घरात कायदा येणार नाही, तिथलं आपल्यालाच करायचं आहे.