पुसला गेलेला रविवार

२० जुलै १९६९ हा रविवार होता. त्या दिवशी बीबीसी वनवर काय लागलं होतं, हे आज फोनवर दोन मिनिटांत सापडतं. 'रेडिओ टाइम्स' हे बीबीसीने सुरू केलेलं साप्ताहिक १९२३पासून निघतंय. त्याच्या जुन्या अंकांमधली कार्यक्रमांची वेळापत्रकं बीबीसीने स्कॅन करून 'जीनोम' नावाच्या संकेतस्थळावर टाकली आहेत. २०१४पासून ती सगळ्यांना खुली आहेत. मी रात्री झोप येत नसली की ती वाचत बसते. इतर लोक रील्स बघतात, मी मेलेल्या चॅनलांची वेळापत्रकं बघते. ज्याची त्याची आवड.

पण वेळापत्रक सापडतं याचा अर्थ कार्यक्रम सापडतो असा नाही. मला सांगायचंय ते याबद्दलच.

आधी तेव्हाचा ब्रिटिश रविवार कसा असायचा ते बघू. सरकारने टीव्हीचे तास बांधून दिले होते. संध्याकाळी साधारण सव्वासहा ते सात पंचवीस ही वेळ धार्मिक कार्यक्रमांसाठी राखीव असे. लोक टीव्हीपायी चर्च बुडवतील अशी भीती होती, म्हणून त्या तासात करमणुकीला मज्जाव. बीबीसीचा 'साँग्ज ऑफ प्रेझ' हा भजनांचा कार्यक्रम १९६१च्या एका रविवारी सुरू झाला आणि अजून चालू आहे. रात्री मात्र टीव्हीचं राज्य. १९६८-६९मध्ये बीबीसी वनने 'द फोरसाइट सागा' ही मालिका रविवारी रात्री पुन्हा दाखवली, तेव्हा काही चर्चनी संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळच बदलली. आपल्याकडे 'रामायण' लागलं की रस्ते ओस पडायचे असं आईबाबा सांगतात, तसंच हे. तेही रविवारीच.

तर २० जुलैचा रविवार. त्या रात्री नऊ वाजून सतरा मिनिटांनी, ब्रिटनच्या घड्याळाप्रमाणे, 'ईगल' चंद्रावर उतरलं. बीबीसीच्या स्टुडिओत क्लिफ मिशेलमोर, जेम्स बर्क आणि पॅट्रिक मूर बसले होते. मूर हे दुर्बिणीला डोळा लावून चंद्राचे नकाशे काढण्यात आयुष्य घालवलेले गृहस्थ. बर्क तरुण, भराभरा बोलणारे, यंत्रं समजावून सांगणारे. ज्यांच्याकडे बीबीसी वन लागलं होतं त्यांना हे सगळं कृष्णधवल दिसत होतं. या चॅनलवर रंग आला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

रात्री दहाच्या सुमारास 'ऑम्निबस' या कलाविषयक कार्यक्रमाचा खास भाग होता. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा : 'चंद्र नुसता हिरव्या चीजचा निघाला तर काय बिघडलं?' चंद्र चीजचा बनलेला आहे ही इंग्रजांची जुनी थट्टा. या भागात ज्युडी डेंच आणि इयन मॅकेलन होते. आणि स्टुडिओत बसून पिंक फ्लॉइड वाजवत होते. आधी लिहिलेलं गाणं नाही, तिथल्या तिथे सुचेल ते. डेव्हिड गिलमोर तेव्हा तेवीस वर्षांचा. माणसं चंद्रावर पोचलीत आणि खाली लंडनमध्ये चार पोरं त्यासाठी गिटार छेडतायत. मी माझ्या तेविसाव्या वर्षी काय करत होते ते इथे लिहीत नाही.

मग नियोजन कोलमडलं. ठरलं होतं ते असं : अंतराळवीर उतरल्यावर आधी विश्रांती घेतील आणि ब्रिटनमधल्या सकाळी सातच्या सुमारास बाहेर पडतील. पण चंद्रावर पोचून झोपणार कोण? त्यांनी लवकर बाहेर पडायची परवानगी मागितली आणि ह्यूस्टनने दिली. शेवटी नील आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं ते पहाटे तीन छप्पन्नला. ब्रिटिश टीव्ही त्या रात्री इतिहासात पहिल्यांदाच रात्रभर चालू राहिला. लोक ब्लँकेटं गुंडाळून पडद्यासमोर बसले होते.

आता मुद्दा. बीबीसीच्या स्टुडिओतलं त्या रात्रीचं चित्रण आज जवळपास शिल्लक नाही. चंद्रावरची दृश्यं आहेत, कारण ती अमेरिकेतून आली होती आणि जगभर साठवली गेली. पण बर्क काय म्हणाले, मूर कसे अडखळले, मध्ये मध्ये कसल्या गप्पा झाल्या, यांचे फक्त तुकडे उरलेत. टेपा पुसल्या गेल्या आणि त्यांच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड झालं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चिडले. असा कसा मूर्खपणा? मग पेशाने इंजिनियर असल्यामुळे आकडे मांडून बघितले.

तेव्हाची व्हिडिओटेप दोन इंच रुंद असायची आणि सेकंदाला साधारण पंधरा इंच या वेगाने पळायची. म्हणजे एका तासाच्या कार्यक्रमाला सुमारे १,३७० मीटर टेप. नवी टेप महाग, ठेवायला जागा लागणार, आणि या टेपचा सगळ्यात मोठा गुण म्हणून सांगितला जायचा तो हा की ती पुन्हा वापरता येते. नट आणि वादक यांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे कार्यक्रम किती वेळा पुन्हा दाखवायचा यावर मर्यादा होती. घरी व्हिडिओ प्लेयर नव्हते, त्यामुळे कॅसेट विकण्याचा प्रश्नच नव्हता. रंग आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमाला विचारणार कोण? आणि फिल्म सांभाळणारा विभाग वेगळा, टेपा सांभाळणारा वेगळा. टेप हा इतिहास आहे असं समजणं कुणाच्याच नोकरीच्या कामांत लिहिलेलं नव्हतं. ते बदललं १९७८च्या सुमारास.

ही सगळी कारणं मला ओळखीची वाटली. ऑफिसात मी हेच करते. 'नव्वद दिवसांपेक्षा जुने लॉग पुसा' हा कोड मी स्वतः लिहिलाय आणि तो मंजूर झाला तेव्हा टीममध्ये कुणी हळहळलं नाही. स्टोरेजचं बिल कमी झालं म्हणून शाबासकीच मिळाली. बीबीसीतला तो टेप पुसणारा माणूस खलनायक नव्हता. तो माझ्यासारखाच, यादीतलं काम उरकून वेळेवर घरी जाणारा होता.

पुसलेला रविवार हा एकच नाही. १३ जानेवारी १९६३, तोही रविवार. ब्रिटन त्या हिवाळ्यात गोठून गेलं होतं. बीबीसीच्या रविवारच्या नाटकात एका एकवीस वर्षांच्या, ब्रिटनमध्ये फारशा कुणाला माहीत नसलेल्या अमेरिकन गायकाला घेतलं होतं. त्याला संवाद जमेनात, म्हणून त्याची भूमिका दोघांत वाटली. संवाद डेव्हिड वॉर्नरला आणि गाणी त्या पोराला. त्याचं नाव बॉब डिलन. 'ब्लोइंग इन द विंड' हे गाणं तो त्या रात्री टीव्हीवर गायला. ते असलेली त्याची रेकॉर्ड त्यानंतर चार महिन्यांनी आली. १९६८मध्ये त्या नाटकाची टेप पुसली गेली. डिलन तोवर डिलन झालेला होता, तरीही.

मग काय वाचलं आणि का? मला दोन वाटा दिसतात.

एक, जे विकलं गेलं ते वाचलं. 'फोरसाइट सागा' परदेशात विकली गेली, अगदी सोव्हिएत रशियातही, म्हणून ती आजही बघता येते. 'डॉक्टर हू'चे हरवलेले काही भाग हाँगकाँग आणि नायजेरियात सापडले, कारण तिथे फिल्मच्या प्रती पाठवल्या होत्या. दूरच्या एखाद्या स्टेशनाच्या कपाटात डबे तसेच पडून राहिले. त्याला आम्ही आमच्या भाषेत दुसऱ्या शहरातला बॅकअप म्हणतो, फक्त तो कुणी ठरवून घेतला नव्हता.

दोन, जे कुणाच्या तरी घरी होतं ते वाचलं. टीव्हीच्या स्पीकरसमोर माइक धरून, घरातल्यांना गप्प बसवून लोक आवाज टेप करायचे. 'डॉक्टर हू'चे नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात बेपत्ता आहेत, पण आवाज सगळ्यांचा आहे, तो अशा पोरांमुळे. डिलनची त्या नाटकातली गाणीही घरगुती टेपांवरच मिळाली. पिंक फ्लॉइडच्या चंद्ररात्रीच्या वादनाचाही आवाज टिकला आणि २०१६मध्ये त्यांच्या संग्रहातून अधिकृतपणे बाहेर आला. चित्र संस्थेने घालवलं आणि आवाज प्रेक्षकांनी ठेवला.

आणि केवळ इंग्रजांनाच नावं ठेवू नयेत म्हणून सांगते : चंद्रावरून आलेलं मूळ चित्रण, जे आपण टीव्हीवर बघतो त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ होतं, ते ज्या टेपांवर होतं त्या टेपाही आता नाहीत. पुढे टेपांची टंचाई झाली तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा नासाच्या शोधाचा २००९मधला निष्कर्ष.

हे सगळं मी इतकं मनाला का लावून घेतलं, त्याला कारण आहे.

ब्रिटनमध्ये पहाटेचे तीन छप्पन्न झाले तेव्हा आपल्याकडे सोमवार सकाळचे आठ सव्वीस झाले होते. माझे आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे, वाईत. टीव्ही बघण्याचा प्रश्न नव्हता. देशात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. मुंबईला दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ला. आजोबांनी ती बातमी ऐकली किराणा दुकानातल्या रेडिओवर. २०१९मध्ये त्या घटनेला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्यांनी मला व्हॉट्सॲपवर दोन व्हॉइस मेसेज पाठवले होते. मी पहिला अर्धवट ऐकला आणि अंगठा पाठवला. ऑफिसला निघायची घाई होती. रात्री ऐकू म्हटलं.

२०२१मध्ये ते गेले. त्याच वर्षी मी फोन बदलला. बॅकअप लवकर व्हावा म्हणून 'ऑडिओ आणि व्हिडिओ' या चौकोनातली खूण मीच काढली. जुना फोन रीसेट करून एक्स्चेंजमध्ये दिला, त्याचे तीन हजार मिळाले. स्वस्तातला, तर्कशुद्ध निर्णय. यादीतलं काम उरकलं.

महिन्यापूर्वी, डिलनच्या घरगुती टेपांबद्दल वाचताना, एकदम सुचलं आणि आत्याला फोन केला. "आत्या, आजोबांनी चंद्राचं काहीतरी पाठवलं होतं, तुझ्याकडे आहे का गं?"

"दादांचं? थांब, मी काही डिलीटच करत नाही," ती म्हणाली. तिचा फोन कायम भरलेला असतो. घरात सगळे त्यावरून तिची चेष्टा करतात, मी धरून.

दोनांपैकी दुसराच मेसेज तिच्याकडे होता. एक मिनिट बावन्न सेकंदांचा. गोष्ट मध्येच सुरू होते. आजोबा म्हणतात, दुकानदार म्हणाला, खोटं आहे सगळं. मागे कुकरची शिट्टी होते. मग ते हसतात आणि सांगतात की त्या रात्री ते गच्चीवर गेले होते, पण आभाळ भरलेलं होतं, चंद्र दिसलाच नाही.

पहिला मेसेज कायमचा गेला. दुसरा आता तीन ठिकाणी आहे : माझ्या लॅपटॉपवर, एका पेनड्राइव्हवर आणि आत्याच्या भरलेल्या फोनमध्ये. तिला मी सांगून ठेवलंय, काही डिलीट करू नकोस.