रुग्णाविना डॉक्टर

वैद्यकीय मालिकेचा नायक रुग्णाच्या उशाशी घडतो. विजया मेहता यांची ‘लाइफलाइन’ (१९९१) दूरदर्शनवर आली तेव्हापासून रुग्णालयाचे हे जग भारतीय प्रेक्षकाच्या परिचयाचे झाले. मात्र मराठी मनात ज्या डॉक्टर स्त्रीने सर्वाधिक काळ घर केले, तिला या साच्यात बसविणे अवघडच होते. पदवी मिळाल्यानंतर एकही रुग्णकक्ष तिच्या वाट्याला आला नाही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५चा. नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि अवघ्या दहा दिवसांत बालकाचा मृत्यू. १८८३ मध्ये त्या एकट्याच अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाचा स्त्री-विभाग त्यांच्याकडे सोपविण्याचे ठरविले होते. परंतु क्षयाने जर्जर होऊनच त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

ज्या डॉक्टरला व्यवसायच करता आला नाही, तिची कथा सांगायची कशी? काशीबाई कानिटकरांनी पत्रांच्या आधारे चरित्र लिहिले आणि एका स्त्रीने दुसरीच्या मनाचा मागोवा घेतला. श्री. ज. जोशी यांनी १९६८ मध्ये कादंबरीचा मार्ग स्वीकारला. ‘आनंदी गोपाळ’ हे शीर्षकच बोलके आहे. पत्नीच्या नावापुढे पतीचे नाव लावण्याची रीत मराठीत जुनीच; येथे मात्र त्या रीतीने कादंबरीचा गाभाच ठरविला. टपाल खात्यात नोकरी करणारे, पत्नीला शिकविण्याच्या ध्यासाने झपाटलेले, विक्षिप्त आणि प्रसंगी निर्दय गोपाळराव कथेच्या केंद्रस्थानी आले. वाचकाला खेचून नेणारे नाट्य त्या दांपत्यात होते, यात संशय नाही. पण वैद्यकविद्या त्या नाट्याची पार्श्वभूमी होऊन राहिली.

पुढील रूपांतरांनी हीच वाट धरली. राम जोगळेकरांचे नाटक झाले. कमलाकर सारंगांनी दूरदर्शनसाठी हिंदी मालिका केली. हिंदीमुळे कल्याण-पुण्याचे हे घर लखनौच्या आलमबागेतील, मराठीचा गंध नसलेल्या रेल्वे-कामगाराच्या कुटुंबालाही कळण्याजोगे झाले, ही गोष्ट लहान नव्हे. २०१९ मध्ये समीर विद्वांस यांच्या चित्रपटाने नव्या पिढीपुढे पुन्हा तेच दांपत्य उभे केले.

या प्रवासात काय निसटले, हे पाहण्यासाठी आनंदीबाईंच्या स्वतःच्या लेखनाकडे वळावे लागते. प्रबंधासाठी त्यांनी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. स्वतःचे मूल गमावलेल्या मुलीने प्रसूतिशास्त्राकडे वळावे, यातील संगती कोणत्याही पटकथेला पुरून उरेल अशी आहे. शिवाय अमेरिकेहून पतीला लिहिलेल्या पत्रात बालवयात सोसलेल्या मारहाणीची आठवण त्यांनी न अडखळता करून दिली. ही स्त्री कोणाच्या हातची बाहुली नव्हती. अंजली कीर्तने यांच्या ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ (१९९७) या ग्रंथाचे मोल येथे कळते. कादंबरीतील आनंदीपासून इतिहासातील आनंदीबाई वेगळ्या काढण्याचे काम त्याने केले.

त्यांच्या समकालीन डॉ. रखमाबाई यांनी सुरत व राजकोट येथे अनेक दशके रुग्णसेवा केली आणि त्या १९५५ पर्यंत जगल्या. त्यांचेही नाव प्रथम निघते ते नांदायला जाण्यास नकार दिल्यामुळे चाललेल्या खटल्याच्या संदर्भात. एकीला व्यवसायाची संधीच मिळाली नाही, दुसरीला ती भरपूर मिळाली. तरी दोघींकडे कथाकारांची नजर गेली ती विवाहाच्या दारातूनच.

आनंदीबाईंच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, त्यांना मुलीप्रमाणे वागविणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या आहेत. तेथील शिळेवर नावापुढे एम. डी. ही पदवी कोरलेली आहे. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी त्याखाली नोंद आहे. पतीचा उल्लेख त्या नोंदीत नाही.