सोळा सिलिंडरांच्या गाडीची अर्धी वंशावळ

जुनी, मौल्यवान मोटारगाडी संग्राहकांपुढे विक्रीला मांडतात, तेव्हा तिच्याबरोबर तिची वंशावळही मांडतात. आपल्याकडे लग्न जमवताना घराणे पाहतात, तशीच ही रीत. पहिला मालक कोण, त्याच्याकडून ती कोणाच्या हाती गेली, किती वर्षे कोठारात पडून होती, पुन्हा नवी कोणी केली, हे सारे विक्रीच्या पुस्तिकेत तपशीलवार छापलेले असते. ही वंशावळ खोटी नसते. पण ती अर्धी असते. तिची राहिलेली बाजू आज पाहू. उदाहरणासाठी मी अमेरिकेतील कॅडिलॅकची सोळा सिलिंडरांची, छप्पर दुमडता येणारी गाडी घेतो.

ही गाडी जानेवारी १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिथला शेअरबाजार कोसळून तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते. आठ-आठ सिलिंडरांच्या दोन ओळी, ७.४ लिटरचे इंजिन, सुमारे १६५ अश्वशक्ती. ओवेन नॅकर या अभियंत्याने ते आखले. तारा आणि नळ्या नजरेआड करून हे इंजिन मुद्दाम देखणे केले होते. किंमत पाच हजार डॉलरांच्या पुढे. त्याच वर्षी फोर्डची साधी गाडी पाचशे डॉलरांच्या आसपास मिळे. पहिल्या वर्षी अडीच हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९३३ साली जेमतेम सव्वाशे झाल्या. १९४० साली उत्पादन थांबले.

यांपैकी बहुतेक गाड्यांच्या सांगाड्यावर फ्लीटवुड हे नाव आहे, आणि संग्राहकाच्या लेखी त्या नावाला मोठे मोल आहे. फ्लीटवुड हे पेनसिल्वेनियातील एक लहान गाव. तिथल्या कारागिरांनी हा लौकिक कमावला. १९२५ साली फिशर कंपनीने तो कारखाना विकत घेतला. पुढे फिशरसह सारेच जनरल मोटर्सच्या पोटात गेले. १९३१ च्या सुमारास गावातला कारखाना बंद करून काम डेट्रॉइटला हलवले. नाव तेवढे मालकाबरोबर गेले.

आता काम कसे होई ते पाहा. आधी कठीण लाकडाची चौकट बांधायची. तिच्यावर पत्रा ठोकून बसवायचा. सांध्यांत वितळलेले शिसे भरून ते कानशीने घासायचे, म्हणजे जोड दिसत नाही. मग रंगाचे थर, आणि प्रत्येक थरानंतर घासकाम. शेवटी कातडे, कापडी छप्पर आणि क्रोमचा मुलामा. शिशाची धूळ शरीरात जाऊन माणसाला पोखरते. क्रोमच्या हौदावरील वाफेने नाकाचा मधला पडदा झिजून त्याला भोक पडते, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. गाडीवरील चकाकीचा हा जमाखर्च पुस्तिकेत कुठे येत नाही.

कामाची शाश्वतीही नव्हती. दरवर्षी नवा नमुना काढायचा, म्हणून यंत्रे बदलायची, आणि तोवर कामगाराला आठवडेच्या आठवडे बिनपगारी घरी बसवायचे. परत कोणाला घ्यायचे ते मुकादमाच्या मर्जीवर. वर कामाचा वेग सतत वाढता. या जाचाविरुद्ध ३० डिसेंबर १९३६ रोजी फ्लिंट शहरात, फिशरच्याच कारखान्यांत कामगार यंत्रांशेजारी ठिय्या देऊन बसले. जानेवारीत डेट्रॉइटमधील कॅडिलॅक आणि फ्लीटवुड कारखान्यांतही तसाच बैठा संप झाला. फ्लिंटचा लढा ४४ दिवस चालला. राज्यपाल फ्रँक मर्फी यांनी कामगारांना हुसकण्यासाठी सैनिक वापरले नाहीत. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी जनरल मोटर्सने मोटार कामगारांच्या संघटनेला तिच्या सभासदांच्या वतीने बोलणी करण्याचा हक्क मान्य केला.

मुंबईच्या श्रोत्यांना ही कहाणी परकी वाटू नये. याच जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. त्याच वर्षी गिरणगावात सहा महिन्यांचा संप झाला. एका विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावेत, या योजनेचा राग त्यामागे होता. कामाच्या वेगाची तक्रार डेट्रॉइट आणि गिरणगाव या दोन्ही ठिकाणी होती.

आज अशी उघडी गाडी नीट दुरुस्त होऊन विक्रीला आली, तर तिला काही लाख डॉलर मिळतात. ती दुरुस्ती म्हणजे तेच काम पुन्हा हाताने करणे: कुजलेली चौकट नवी घडवणे, पत्रा सरळ करणे, छप्पर शिवणे. त्यात माणसांचे हजारो तास जातात. खरेदीदार इंजिनावरील आणि सांगाड्यावरील क्रमांक कंपनीच्या मूळ बांधणी-पत्रकाशी ताडून पाहतो. त्या पत्रकात इंजिनाचा क्रमांक असतो, रंग असतो, कातड्याची जात असते, गाडी कोणत्या गावी रवाना झाली तेही असते. ज्याच्या हातोडीने तो क्रमांक धातूवर उमटला, त्याचे नाव मात्र नसते.

कोणी विचारील, धनिकांच्या शौकाची गाडी, तिच्याशी कामगाराला काय करायचे? माझे म्हणणे उलट आहे. सुंदर वस्तूशी कामगाराचे वैर नाही. ती त्याच्याच हातची आहे. पण गाडीचा इतिहास पहिल्या मालकापासून सुरू होतो, असे मानणे म्हणजे गाडी आपोआप जन्मली असे मानणे होय. गेलेल्यांची नावे आता मिळणार नाहीत. पण ज्यांनी ती पुन्हा उभी केली, ते सुतार, पत्रेकाम करणारे, रंगारी आज हयात आहेत. त्यांची नावे विक्रीच्या पुस्तिकेत मालकांच्या नावांशेजारी छापावीत. त्याला एक पान पुरेल. तसे झाले तर निदान इथून पुढची वंशावळ पुरी होईल.