ग्राहक कोण? : तंबाखू-करारातील शब्दांचा इतिहास

१९६२ सालच्या मार्च महिन्यात आठ दिवसांच्या अंतराने दोन दस्तऐवज प्रसिद्ध झाले. ७ मार्चला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपान आणि आरोग्य यांविषयीचा आपला अहवाल प्रकाशित केला. सिगारेट हे फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण आहे, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले होते. १५ मार्चला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी तेथील काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले : सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा आणि आपले म्हणणे ऐकले जाण्याचा. या दोन कागदांची गाठ पडली ती केवळ दिनदर्शिकेत. परंतु पुढची चाळीस वर्षे तंबाखूच्या संदर्भात जो झगडा चालला, तो या दोहोंच्या मधल्या जागेत चालला, असे म्हणता येते.

कारण या चारांपैकी नेमका कोणता हक्क उचलून धरायचा, यावरच सगळे अवलंबून होते. सिगारेट-उद्योगाने ‘निवड’ उचलली. प्रौढ माणसाला हवी ती वस्तू विकत घेण्याचे स्वातंत्र्य आहे, ती नाकारणारे तुम्ही कोण, हा त्याचा युक्तिवाद. ग्राहक चळवळीने ‘माहिती’ आणि ‘सुरक्षितता’ उचलली. ठरल्याप्रमाणे, उत्पादकाला अपेक्षित असलेल्या पद्धतीनेच वापरली असता जी वस्तू आपल्या दीर्घकालीन वापरकर्त्यांपैकी सुमारे निम्म्यांचा जीव घेते, तिच्या बाबतीत निवडीची भाषा कितपत खरी, हा तिचा प्रश्न. शिवाय निकोटिनची सवय जडल्यावर निवड करतो तो ग्राहक की ती सवय? एकाच शब्दाचे दोन मालक उभे राहिले. दोघेही ग्राहकाच्याच नावाने बोलत होते.

ही चळवळ आंतरराष्ट्रीय कशी झाली, हे समजून घ्यायचे तर तंबाखू क्षणभर बाजूला ठेवून बाळाच्या दुधाकडे वळावे लागते. १९७७ साली अमेरिकेतील ‘इन्फॅक्ट’ या संघटनेने नेस्लेच्या मालावर बहिष्कार पुकारला. गरीब देशांत मातेच्या दुधाऐवजी डब्यातल्या दुधाचा जो प्रचार चालला होता, त्याच्या विरोधात हा बहिष्कार होता. त्यातून २१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेत स्तनदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीची आचारसंहिता संमत झाली. ११८ राष्ट्रे बाजूने, एकटी अमेरिका विरोधात. विजय मोठा होता, पण त्यात एक उणीव होती : ती संहिता ही केवळ शिफारस होती. ज्या सरकारला ती नको होती त्याने ती फाइलला लावून ठेवली. ‘शिफारस’ आणि ‘करार’ यांमधले अंतर कार्यकर्त्यांनी तेव्हा अनुभवाने मोजले. पुढे ‘इन्फॅक्ट’ तंबाखूकडे वळली. फिलिप मॉरिस या सिगारेट-कंपनीच्या मालकीच्या क्राफ्टच्या खाद्यपदार्थांवर तिने बहिष्कार घातला, तेव्हा मागणी होती ती बंधनकारक नियमांची.

दरम्यान आशियाने आणखी एक धडा दिला होता. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने व्यापारी निर्बंधांचा धाक दाखवून जपान, तैवान आणि दक्षिण कोरिया यांच्या सिगारेट-बाजारपेठा आपल्या कंपन्यांसाठी उघडून घेतल्या. थायलंड मात्र सहजासहजी नमला नाही. प्रकरण ‘गॅट’च्या लवादापुढे गेले. १९९० साली निकाल लागला : आयातबंदी चालणार नाही, पण जाहिरातबंदीसारखे आरोग्याचे नियम देशी-परदेशी भेद न करता लावले तर चालतील. थाई कार्यकर्त्यांनी हरलेल्या खटल्यातले हे अर्धे वाक्य घट्ट धरून ठेवले आणि त्यावर आपले कायदे उभारले. निकालपत्र कसे वाचावे याचा हा वस्तुपाठ आहे.

बंधनकारक कराराची कल्पना प्रत्यक्षात आणण्यासाठी जे साधन वापरले गेले, ते पन्नास वर्षे न वापरता पडून होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेतील कलम १९ प्रमाणे संघटनेला आंतरराष्ट्रीय करार करता येतात. मात्र १९४८ पासून तिने तसा एकही केला नव्हता. रूथ रोमर आणि अ‍ॅलिन टेलर या दोन अमेरिकी कायदेतज्ज्ञ स्त्रियांनी १९९३ च्या सुमारास या कलमाकडे बोट दाखवले. १९९६ मध्ये महासभेने तत्त्वतः होकार दिला, आणि १९९८ साली ग्रो हार्लेम ब्रुंटलांड महासंचालक झाल्यावर कामाला वेग आला. त्याच वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या खटल्यामुळे कंपन्यांचे अंतर्गत कागद लाखोंनी खुले झाले. कंपन्यांना काय ठाऊक होते आणि त्या जाहीरपणे काय सांगत होत्या, यांतली तफावत आता त्यांच्याच टंकलिखित शब्दांत वाचता येऊ लागली. या कागदांच्या आधारे तज्ज्ञांच्या एका समितीने जुलै २००० मध्ये दाखवून दिले, की कंपन्यांनी खुद्द आरोग्य संघटनेचे काम पोखरण्याचे पद्धतशीर प्रयत्न केले होते. तंबाखू-उत्पादक शेतकऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाही त्यांनी त्यासाठी मुखवट्यासारखा वापर केला होता.

येथे मराठी वाचकाला निपाणी आठवल्यावाचून राहणार नाही. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तेथील तंबाखू-शेतकरी रस्त्यावर बसला, तो भावासाठी. त्याचा लढा खरा होता, आणि त्याच्यासारख्यांच्याच नावाने जिनिव्हात दुसरे कोणी बोलत होते हेही खरे. ग्राहक चळवळीने या शेतकऱ्याचा आणि विडी वळणाऱ्या बाईचा विचार उशिरा आणि काहीसा हात राखून केला, असे माझे मत आहे. करारातील कलम १७ त्यांच्यासाठी पर्यायी उपजीविकेची गोष्ट करते, पण त्याची भाषा सगळ्या करारात सर्वांत मवाळ आहे.

ऑक्टोबर २००० ते मार्च २००३ या काळात जिनिव्हात वाटाघाटींच्या सहा फेऱ्या झाल्या. ग्राहक आणि आरोग्य संघटनांना तेथे मत नव्हते. १९९९ मध्ये त्यांनी एक आघाडी स्थापली होती. पुढे देशोदेशींच्या शंभराहून अधिक संस्था तीत सामील झाल्या. महत्त्वाच्या अनौपचारिक बैठकांची दारे त्यांना बंद असत. मग त्यांच्या हाती उरले काय? मसुदा वाचणे. वाटाघाटींच्या मसुद्यात वादग्रस्त शब्द चौकोनी कंसात असतात. कंस निघाला की शब्द राहिला किंवा गेला. आघाडीचे लोक रोज हे कंस मोजत आणि सकाळी प्रतिनिधींच्या हाती एक छोटे वार्तापत्र ठेवत. त्यात आदल्या दिवशी सर्वांत चांगली भूमिका घेणाऱ्यास ‘ऑर्किड’ आणि सर्वांत वाईट भूमिका घेणाऱ्यास ‘मळके रक्षापात्र’ असे पुरस्कार जाहीर होत. मुत्सद्द्यांना मतांची भीती नसते, पण आपल्या देशाचे नाव रक्षापात्राशेजारी छापून यावे हे त्यांनाही रुचत नाही. ही शक्ती फार मोठी नव्हती. मात्र बंद दाराआड काय चालले आहे हे आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण आशियातल्या दोन-तीन माणसांच्या शिष्टमंडळाला नेमके कळण्याचा तो एक खात्रीचा मार्ग होता. आफ्रिकी राष्ट्रे एकगठ्ठा, कडक कराराच्या बाजूने उभी राहिली, त्यात या वाचनाचा वाटा आहे.

झगडा कशावर होता ते पाहिले तर साहित्याच्या विद्यार्थ्याला आपल्याच वर्गात बसल्यासारखे वाटेल. इंग्रजीतील ‘शॅल’ की ‘शुड’? पहिल्याने बंधन येते, दुसऱ्याने सल्ला. (मराठीत ही अडचण निराळीच आहे. आपला विध्यर्थ ‘करावे’ म्हणताना आज्ञा, कर्तव्य आणि इच्छा तिन्ही पोटात घेतो. अनुवादकाला ‘करतील’ आणि ‘करावे’ यांवर भागवावे लागते.) जाहिरातीवर ‘सर्वंकष बंदी’ की ‘योग्य ते निर्बंध’? शेवटी सर्वंकष बंदी आली, पण ‘आपापल्या राज्यघटनेनुसार’ ही पुस्ती जोडून. व्यापारापेक्षा आरोग्य श्रेष्ठ, असे स्पष्ट कलम आघाडीला हवे होते. ते मिळाले नाही. त्याऐवजी प्रास्ताविकेत, सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणाच्या हक्काला अग्रक्रम देण्याचा निर्धार तेवढा नोंदवला गेला. प्रास्ताविका म्हणजे शोभेचे वाक्य असे तेव्हा पुष्कळांना वाटले. मात्र पुढे फिलिप मॉरिसने उरुग्वेसारख्या लहान देशाला पाकिटावरच्या मोठ्या इशाऱ्यांबद्दल आंतरराष्ट्रीय लवादापुढे खेचले, तेव्हा हा सबंध करार उरुग्वेच्या बाजूने साक्षीला उभा राहिला. जुलै २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला.

सर्वांत उद्बोधक कथा ‘माइल्ड’ या शब्दाची. ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ सिगारेटींच्या फिल्टरला बारीक छिद्रे असतात. मोजणी करणारे यंत्र झुरका घेते तेव्हा त्या छिद्रांतून हवा शिरते आणि धूर पातळ भरतो. माणूस झुरका घेतो तेव्हा त्याची बोटे वा ओठ ती छिद्रे झाकतात, आणि निकोटिनची गरज भागेपर्यंत तो अधिक खोल ओढतो. म्हणजे आकडा यंत्राचा, फुप्फुस माणसाचे. ग्राहकाला दिलेली माहिती हीच फसवणूक असू शकते, याचे याहून नेटके उदाहरण मला ठाऊक नाही. पण जपानच्या सर्वांत प्रसिद्ध सिगारेटीचे नावच ‘माइल्ड सेव्हन’ होते, आणि ती काढणाऱ्या कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक होता जपानचे सरकार. कलम ११ मध्ये दिशाभूल करणाऱ्या वर्णनांना बंदी आली. अशा वर्णनांत ‘लाइट’, ‘माइल्ड’ हे शब्द ‘असू शकतात’, एवढेच मात्र म्हटले गेले. ‘असतात’ नव्हे, ‘असू शकतात’. तरीही जगाच्या बाजारात तो शब्द एकेका देशात बेकायदा होत गेला आणि २०१३ साली कंपनीने सिगारेटीचे नाव बदलून ‘मेव्हियस’ केले. अमेरिकेत २०१० पासून ‘लाइट’ हा शब्द बंद झाला. मार्लबोरो लाइट्सची मार्लबोरो गोल्ड झाली. शब्द गेला, रंग राहिला, आणि ओढणाऱ्याला रंगावरून सगळे कळले.

२१ मे २००३ रोजी, दुधाच्या संहितेनंतर बरोबर बावीस वर्षांनी, महासभेने करार एकमताने स्वीकारला. अखेरच्या आठवड्यांत अमेरिकेने, नको ती कलमे आपल्यापुरती वगळण्याची मुभा मागितली होती; कलम ३० ने ती कोणालाच दिली नाही. करार २७ फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला. अमेरिकेने २००४ मध्ये सही केली, अनुसमर्थन आजवर केलेले नाही. ज्या भूमीवर सगळे कंस सुटले त्या स्वित्झर्लंडनेही ते केलेले नाही. फिलिप मॉरिस इंटरनॅशनलचे कामकाज तेथूनच, लोझान शहरातून चालते. ज्या कलमाकडे प्रथम फारसे कोणाचे लक्ष नव्हते ते ५.३, म्हणजे धोरण ठरवताना उद्योगाच्या हितसंबंधांपासून त्याचे रक्षण करण्याचे बंधन, २००८ साली डर्बनच्या परिषदेने मार्गदर्शक सूत्रे संमत केल्यावर कराराचा कणा मानले जाऊ लागले.

भारताने १० सप्टेंबर २००३ ला सही केली आणि ५ फेब्रुवारी २००४ ला अनुसमर्थन दिले. त्याआधीच नोव्हेंबर २००१ मध्ये, मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी केली होती. देशाचा स्वतःचा कायदाही मे २००३ मधलाच. आपल्या दृष्टीने करारातली सर्वांत मोलाची ओळ व्याख्येच्या कलमात आहे. तंबाखूचे पदार्थ म्हणजे ओढण्याचे, चोखण्याचे, चघळण्याचे आणि नाकात ओढण्याचे, असे चारही तेथे नोंदले आहेत. केवळ सिगारेटीचा करार झाला असता तर अर्धा महाराष्ट्र त्याबाहेर राहिला असता. आपल्याकडे विडी ओढतात, तपकीरही ओढतात, मशेरी लावतात, आणि तंबाखू चक्क खातात. या ‘खातात’ला कायद्यातही अर्थ आला. गुटख्यावर महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली. पुढे २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांत, कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन असता कामा नये, असे वाक्य आले. गुटखा तोंडात टाकतात, म्हणजे तो खाद्यपदार्थ, या आधारावर जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी घातली, आणि त्यानंतर ती दरवर्षी वाढवत नेली. त्यावर बाजाराने दिलेले उत्तरही व्याकरणाला धरूनच होते. पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी, अशा दोन पुड्या टपरीवर शेजारी-शेजारी लटकू लागल्या. त्या एकत्र करण्याचे काम आता ग्राहक आपल्या तळहातावर करतो.