रेप ते कॅनोला

किराणा दुकानात मिळणारं कॅनोला तेल कुठल्या पिकाचं, असं विचारलं तर पटकन उत्तर येत नाही. मोहरीच्या कुळातलं हे पीक. इंग्रजीत त्याचं जुनं नाव रेप. लॅटिनमध्ये सलगमाला ‘रापुम’ म्हणत, त्यावरून ते आलं. बलात्काराच्या अर्थाचा ‘रेप’ मात्र ‘रापेरे’, म्हणजे बळाने हिसकावणे, या क्रियापदातून आलेला. मुळं दोन, उच्चार एकच.

कॅनडात बाल्डुर स्टेफान्सन आणि कीथ डाउनी या संशोधकांनी या पिकातलं अपायकारक मानलं जाणारं इरुसिक आम्ल कमी केलं आणि १९७८मध्ये नव्या वाणांसाठी ‘कॅनोला’ हे नाव नोंदवलं गेलं. ‘कॅन’ कॅनडाचा, ‘ओला’ तेलाचा. म्हणजे नुसती पाटी बदलली नाही, बियाणंही बदललं होतं. सस्कॅचेवान प्रांतातल्या टिस्डेल गावाने तर ‘रेप आणि मधाची भूमी’ हे बिरुद २०१६मध्ये सोडलं. व्युत्पत्ती कितीही निर्दोष असो, अत्याचार सोसलेल्या बाईला वेशीवरच तो शब्द वाचावा लागू नये, हे मला अधिक मोलाचं वाटतं. ब्रिटनमधले शेतकरी मात्र आजही ‘ऑइलसीड रेप’च पेरतात.